छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो घ्यावा का? निर्णयापूर्वी क्रमाने तपासण्याच्या गोष्टी

ज्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे आणि जमिनीत खणण्याची कामे वरचेवर निघतात, त्यांच्या मनात बॅकहोचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसवायच्या, बकेटने खणणाऱ्या यांत्रिक हाताचा, विचार कधी ना कधी येतोच. पुढे लोडर (माती उचलणारी मोठी बकेट) आणि मागे बॅकहो असला की एकाच ट्रॅक्टरवर चर खणणे, माती भरणे, ती वाहून नेणे आणि भराव टाकणे ही सगळी कामे होतात, हे खरे आहे. मात्र छोट्या ट्रॅक्टरच्या अवजारांमध्ये बॅकहो हा सर्वांत महाग अवजारांपैकी एक असतो, त्याचे वजन साधारण ३०० ते ६०० किलो भरते आणि ट्रॅक्टरच्या अंगावर तो जितका ताण आणतो तितका ताण नांगर किंवा रोटाव्हेटर आणत नाही. त्यामुळे ही खरेदी यंत्र पाहून आणि किंमत विचारून सुरू करू नये. आधी काम, मग यंत्राची मर्यादा, मग आपला ट्रॅक्टर, मग पैशांचा हिशेब आणि शेवटी प्रत्यक्ष यंत्र, या क्रमाने विचार केल्यास बहुतेकांना निर्णय वाटेतच सापडतो. पुढील मांडणी साधारण २० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी आहे.

पायरी १ : कामे तासांमध्ये मोजा

येत्या पाच वर्षांत जे जे खणावे लागेल असे वाटते, ते सर्व कागदावर लिहून काढा. प्रत्येक कामापुढे लांबी, रुंदी, खोली आणि जमिनीचा प्रकार लिहा, आणि ते काम एकदाच करायचे आहे की दरवर्षी उद्भवणार आहे, हेही नोंदवा. नुसते “पाइपलाइनचे काम” असे लिहून काही कळत नाही. आकडे मांडले की कळते.

उदाहरणादाखल १०० मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर खोल असा चर घेऊ. जमिनीतली माती ३० घनमीटर भरते. खणून बाहेर आलेली माती फुगते, आणि ही फूग २५ टक्के धरली तर उपसायची माती सुमारे ३७.५ घनमीटर होते. छोट्या बॅकहोच्या १२ इंची बकेटमध्ये एका खेपेला साधारण ०.०३ घनमीटर माती येते, म्हणजे १,२५० बकेटी झाल्या. हात बसलेल्या माणसाने मिनिटाला दोन बकेटी काढल्या तरी साडेदहा तास लागतात. शिवाय साधारण दर सव्वा मीटरला स्टॅबिलायझर (खणताना ट्रॅक्टर हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवायचे पाय) उचलायचे, बकेट वर घ्यायची, ट्रॅक्टर पुढे सरकवायचा आणि पुन्हा सगळे टेकवायचे. असे ८० वेळा करावे लागते आणि प्रत्येक वेळी दीड मिनिट धरले तर आणखी दोन तास जातात. म्हणजे सराईत माणसाचेही साडेबारा तास झाले. नवख्याने याच्या दुप्पट वेळ धरावा, म्हणजे आकडा वास्तवाच्या जवळ जाईल.

यादीतल्या प्रत्येक कामाचा असा हिशेब केल्यावर तिचे दोन भाग पडतात. एका बाजूला एखाददुसरे मोठे, सलग काम असते, जे एकदा झाले की संपते. दुसऱ्या बाजूला फुटलेली पाइप उघडी करणे, बुजलेला चर साफ करणे, एखादा खुंट काढणे किंवा झाडांसाठी खड्डे घेणे अशी तासा-दोन तासांची कामे असतात, आणि ती वर्षभर अधूनमधून निघत राहतात. माझे स्पष्ट मत असे आहे की मोठ्या सलग कामासाठी बॅकहो घेऊ नये; बॅकहो परवडतो तो विखुरलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या कामांसाठी. तासाभराच्या कामाला भाड्याचे यंत्र बोलावले तर वाहतूक आणि किमान भाडे हे दोन्ही त्या तासाच्या माथी बसतात, आणि यंत्र मिळेपर्यंत काम खोळंबते ते वेगळेच. सलग दोन दिवसांच्या कामात मात्र हाच खर्च सहज पचतो.

पायरी २ : यंत्राची खरी मर्यादा समजून घ्या

माहितीपत्रकात खणण्याची खोली सर्वांत ठळक छापलेली असते. छोट्या ट्रॅक्टरच्या बॅकहोसाठी ती बहुधा ६ ते ९ फुटांच्या दरम्यान असते. पण हा आकडा बूम (बॅकहोचा मुख्य हात) आणि आर्म (त्यापुढचा, बकेट धरणारा हात) पूर्ण ताणल्यावर बकेटचे दात जेथवर पोहोचतात त्या टोकाचा असतो. चराचा तळ दोन फूट तरी सपाट हवा असेल तर खोली काही इंचांनी कमी होते, म्हणूनच काही उत्पादक सपाट तळाची खोली वेगळी छापतात. तुलना करताना तोच आकडा घ्यावा. शिवाय पूर्ण ताणलेल्या आर्ममध्ये जोर कमी राहतो, त्यामुळे नेहमीच्या कामाच्या खोलीपेक्षा फूट-दीड फूट जास्त पोहोच असलेले यंत्र निवडणे शहाणपणाचे ठरते. याहून मोठे घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बूम लांब झाला की वजन वाढते आणि ते आपल्या ट्रॅक्टरला पेलावे लागते.

जोराचेही तसेच आहे. बकेट जमिनीत अडकली आणि सिलिंडरने ओढ घेतली की दोनपैकी एक गोष्ट घडते : जमीन सुटते, नाहीतर ट्रॅक्टर ओढला जातो. हजार-बाराशे किलोच्या ट्रॅक्टरमागे कितीही ताकदीचा बॅकहो लावला तरी शेवटचा शब्द ट्रॅक्टरच्या वजनाचाच असतो. मऊ आणि मध्यम मातीत, तसेच सुट्या मुरमात हे यंत्र चांगले काम देते. घट्ट मुरमात ते खरवडत, थराथराने पुढे जाते. सलग खडकाचे काम त्याच्याकडून होत नाही, आणि तसा हट्ट धरल्यास दात, पिना आणि वेल्डिंग यांची हानी होते.

खुंटांबाबत नवख्यांची अपेक्षा हमखास चुकते. मोठ्या झाडाचा खुंट बकेटने धरून उपटता येत नाही. त्याच्याभोवती चर घेऊन, एकेक मूळ मोकळे करून आणि तोडून तो सैल करावा लागतो, आणि एका मोठ्या खुंटाला अर्धा दिवस सहज जातो. मनगटाएवढ्या मुळापर्यंत अरुंद बकेट चालते; त्याहून जाड मूळ उघडे करून करवतीने कापलेले बरे. यादीत खुंटच जास्त असतील तर बकेटसमोर लावायचा थंब मिळतो का, हे विचारून घ्यावे. त्याने ओंडके आणि दगड पकडून उचलता येतात.

पायरी ३ : पर्याय नीट तपासा

फक्त खांबांसाठी किंवा रोपांसाठी गोल खड्डे हवे असतील तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा पोस्ट होल डिगर पुरतो. केबल किंवा बारीक पाइप घालण्यासाठी लांबच लांब अरुंद चर हवा असेल आणि जमिनीत दगड नसतील, तर ट्रेंचर बॅकहोपेक्षा कितीतरी वेगाने काम करतो. मोठ्या कामाला चालकासह भाड्याचा जेसीबी किंवा मिनी एक्स्कॅव्हेटर बोलावणे हा पर्याय नेहमी समोर असावा. मिनी एक्स्कॅव्हेटर पूर्ण गोल फिरतो, बसल्या जागेवरूनच पुढे-मागे सरकतो आणि खणण्यासाठीच घडवलेला असल्यामुळे तेच काम निम्म्याहून कमी वेळात उरकू शकतो. ट्रॅक्टरवरचा बॅकहो मागच्या बाजूला फार तर अर्धवर्तुळात फिरतो. त्याच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे तो घरचा असतो आणि पुढच्या लोडरने लगेच भराव टाकता येतो.

पायरी ४ : जोडणी कोणती, हे आधी ठरवा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि तडजोड करू नये अशीही एवढीच. बॅकहो ट्रॅक्टरला दोन प्रकारे जोडला जातो. पहिल्या प्रकारात तो नेहमीच्या थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे दोन लोअर लिंक आणि एक टॉप लिंक यांवर बसतो. दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या धुऱ्यापासून पुढे लोडरच्या ब्रॅकेटपर्यंत जाणारी पोलादी सबफ्रेम असते आणि बॅकहो त्या सबफ्रेमला पिनांनी अडकवला जातो.

लिंकेजची जोडणी स्वस्त पडते आणि कोणत्याही ट्रॅक्टरला चालते असे सांगितले जाते. पण ट्रॅक्टरची लिफ्ट अवजाराला वर धरून ठेवते. त्याला खाली दाबून ठेवण्याची सोय बहुतेक ट्रॅक्टरांत नसते. नांगराला त्याने काही फरक पडत नाही. बॅकहोमध्ये मात्र चालक अवजार आणि ट्रॅक्टर यांच्यामधल्या आसनावर, मागे तोंड करून बसलेला असतो. बकेट मुळात किंवा दगडात अडकली आणि बूमने खाली रेटा दिला किंवा आर्मने जोरात ओढले, तर जमीन सुटण्याऐवजी संपूर्ण बॅकहोच वर उचलला जाऊन ट्रॅक्टरकडे दुमडू शकतो, आणि मध्ये बसलेला माणूस चिरडला जाऊ शकतो. टॉप लिंकच्या जागी कडक आडबंध देऊन ही हालचाल रोखण्याचा प्रयत्न काही उत्पादक करतात. त्याने धोका कमी होतो, पण सगळा ताण लिफ्टच्या सांध्यांवर आणि गिअरबॉक्सच्या आवरणावर येतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा बोल्टांनी एकमेकांना जोडून त्यांचाच कणा तयार झालेला असतो. मागून वारंवार बसणारे हिसके हे बोल्ट आणि ओतीव लोखंडाचे आवरण किती दिवस सोसतील, याची खात्री देता येत नाही. सबफ्रेम हा भार संपूर्ण ट्रॅक्टरवर पसरवते.

म्हणून आपल्या ट्रॅक्टरच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेली सबफ्रेम मिळते का, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारावा. जुन्या मॉडेलसाठी ती मिळत नसेल, तर माझ्या मते निर्णय तिथेच झाला : बॅकहो घेऊ नये, काम भाड्याने करून घ्यावे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बॅकहोविषयी काय लिहिले आहे तेही वाचावे, कारण तिथे मनाई असेल तर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. नवा ट्रॅक्टरच घ्यायचा असेल आणि बॅकहो नंतर घेण्याचा विचार असेल, तर सबफ्रेमची उपलब्धता पाहूनच मॉडेल निवडावे.

पायरी ५ : तेल आणि तोल

हायड्रॉलिकमध्ये दाबावर जोर ठरतो आणि दर मिनिटाला मिळणाऱ्या तेलावर वेग ठरतो. बॅकहोला किती दाब आणि किती लिटर तेल लागते, आणि ट्रॅक्टरचा पंप किती देतो, हे दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावेत. तेल कमी पडले तर यंत्र रेंगाळते. गरजेपेक्षा फार जास्त मिळाले तर हालचाल हिसक्यांची होते आणि तेल तापते. ट्रॅक्टरच्याच पंपावर बॅकहो चालवायचा असेल तर त्यासाठी असलेली पॉवर बियाँडची जोडणी (ट्रॅक्टरच्या पंपाचे तेल अवजाराकडे नेणारी) ट्रॅक्टरवर आहे का, नसल्यास तिचा संच मिळतो का, हे विचारावे. दुसरा मार्ग म्हणजे पीटीओवर बसणारा वेगळा पंप. हा सहसा मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर चालतो, त्याची तेलाची टाकी स्वतंत्र असते आणि ट्रॅक्टरच्या तेलाशी संबंध येत नाही. जोडणीला थोडा जास्त वेळ लागतो, पण पंप कमकुवत असलेल्या ट्रॅक्टरला हा चांगला पर्याय आहे.

तोलाचा विचार दोन प्रसंगांसाठी करायचा असतो. चालताना मागे लटकलेल्या वजनामुळे पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड सोडते. पुढे लोडर किंवा पुरेशी वजने नसतील तर चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला जाण्याचा धोका असतो. खणताना लोडरची बकेट जमिनीवर टेकवलेली असली की ट्रॅक्टर घट्ट बसतो. लोडर नसलेल्या ट्रॅक्टरवर बॅकहो लावण्याची शिफारस मी करणार नाही.

पायरी ६ : रोजच्या वापरातली अडचण मोजा

बॅकहो लावलेला असताना ट्रॅक्टरला दुसरे मागचे अवजार लावता येत नाही. वळायला जास्त जागा लागते, आणि सबफ्रेममुळे पोटाखालची मोकळी जागाही कमी होते. म्हणजे तो वारंवार काढावा आणि घालावा लागणार. सराव झाल्यावर हे काम वीस-तीस मिनिटांत होते, पण त्यासाठी सपाट आणि टणक जमीन हवी. मऊ मातीवर काढून ठेवलेल्या बॅकहोचे स्टॅबिलायझर हळूहळू रुततात, पिनांची भोके जुळत नाहीत आणि पुढच्या वेळी सब्बल घेऊन झटापट करावी लागते. छपराखाली काँक्रीटची जागा नसेल तर ती करण्याचा खर्चही बॅकहोच्या किमतीत धरावा. आठवड्यातून तीनदा रोटाव्हेटर लागणाऱ्या माणसाने हा मुद्दा विशेष गांभीर्याने घ्यावा.

पायरी ७ : पैशांचा हिशेब

बॅकहो, सबफ्रेम, हायड्रॉलिक संच, जास्तीची बकेट आणि बसवण्याची मजुरी यांची एकूण किंमत काढा. पाच वर्षांनी विकल्यास काय मिळेल याचा सावध अंदाज तीतून वजा करा आणि पाच वर्षांचे ग्रीस, तेल, होज पाइप आणि दात यांचा खर्च तीत मिळवा. ही झाली मालकीची खरी किंमत. तिला भाड्याच्या यंत्राच्या एका दिवसाच्या खर्चाने, म्हणजे वाहतूक आणि चालक धरून येणाऱ्या रकमेने भागा. जे उत्तर येईल तितके दिवस भाड्याचे यंत्र तेवढ्याच पैशांत मिळते.

आता पहिल्या पायरीतली यादी समोर घ्या आणि तिच्यातले काम या दिवसांपेक्षा जास्त भरते की कमी, ते पाहा. एक दुरुस्ती मात्र आठवणीने करा : भाड्याचे मोठे यंत्र तुमच्या दोन दिवसांचे काम एका दिवसात करते, तेव्हा आपले तास त्याच्या दिवसांत बदलूनच तुलना करा. उत्तर काठावर आले तर स्वतःच्या वेळेला किंमत आहे का, आणि अचानक निघणाऱ्या कामाला यंत्र वेळेवर मिळते का, या दोन गोष्टी पारडे झुकवतात. इतरांची कामे करून पैसे वसूल करण्याची कल्पना या हिशेबात घेऊ नये. तो वेगळा व्यवसाय आहे, त्याची जबाबदारी आणि विमाही वेगळा.

पायरी ८ : वापरलेला बॅकहो पाहताना

नव्याच्या तुलनेत वापरलेला बॅकहो बराच स्वस्त मिळू शकतो, आणि नीट तपासला तर तो वाईट सौदा नसतो. आधी हे पाहा की त्याच्यासोबतची सबफ्रेम आपल्याच मॉडेलची आहे. मग बूम आणि आर्म पूर्ण ताणून बकेट जमिनीपासून थोडी वर धरा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. बकेट भराभर खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह झिजलेले आहेत. बकेटचे टोक हाताने आडवे हलवून पाहा. वळणाच्या मुख्य खुंटीत ढिलाई असेल तर ती इथे जाणवते. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर नख फिरवा आणि ते अडकेल असा ओरखडा दिसला तर नवा सीलही फार टिकणार नाही हे लक्षात घ्या. बूमच्या सांध्यांजवळ रंगाखाली बारीक, गंजलेली रेघ दिसणे हे भेगेचे लक्षण असते. ताज्या रंगाने माखलेल्या वेल्डिंगकडे विशेष संशयाने पाहावे.

गळती शोधताना होज पाइपवर हात कधीही फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

पायरी ९ : सौद्याआधी एक दिवस चालवा

शक्य असल्यास तशाच प्रकारचा बॅकहो एक दिवस भाड्याने घेऊन आपल्याच जमिनीत खणून पाहावा. विक्रेत्याच्या अंगणातल्या भुसभुशीत मातीत प्रत्येक यंत्र उत्तम चालते. त्या दिवशी बॅकहो चालवायच्या दांड्यांची (लिव्हरची) रचनाही समजून घ्यावी. एका पद्धतीत डावा हात बूम आणि वळण सांभाळतो व उजवा हात आर्म आणि बकेट. दुसरीत डाव्या हाताकडे आर्म आणि वळण असते व उजव्याकडे बूम आणि बकेट. एका पद्धतीची सवय झालेल्या हाताला दुसरी गोंधळात टाकते, म्हणून पुढेही जी यंत्रे चालवणार आहात त्यांच्याशी जुळणारी रचना निवडावी.

खणण्याआधी त्या जागी जमिनीखाली वीज, गॅस, पाणी किंवा केबल जात नाही याची संबंधितांकडून खात्री करून घ्या, आणि वाहिनीच्या जवळचा भाग हातानेच खणा. वरच्या विजेच्या तारांकडे लक्ष ठेवा, कारण वर उचललेला बूम वाटतो त्यापेक्षा उंच जातो. लोडर टेकवा, स्टॅबिलायझर टणक जमिनीवर दाबा, आणि दांडे फक्त आसनावर बसूनच हलवा. माती चराच्या काठापासून निदान दोन फूट दूर टाका. बकेट आडवी मारून ढीग लोटण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घेऊ नका. त्या आडव्या माराने वळणाचे सिलिंडर आणि पिना वेळेआधी झिजतात, आणि तेच काम लोडर अधिक चांगले करतो. चर छातीएवढा खोल झाला की आधार दिल्याशिवाय त्यात कोणालाही उतरू देऊ नका. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते आणि काठ ढासळताना बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

दिवसअखेर तीन गोष्टी लिहून ठेवा : किती मीटर खणले गेले, तेल किती तापले आणि बकेट किती वेळा जमिनीऐवजी ट्रॅक्टरलाच ओढू लागली. पहिल्या पायरीतल्या तासांचे आकडे या नोंदीनुसार दुरुस्त करा, सातव्या पायरीतला भागाकार पुन्हा मांडा, आणि त्यानंतरच विक्रेत्याकडून सबफ्रेम, हायड्रॉलिक संच आणि बसवणी यांचा वेगवेगळा उल्लेख असलेले लेखी दरपत्रक मागवा.